बीफ रिब्ज दर वेळी वेगळ्याच का होतात? आधी हाड ओळखा, मग आच ठरवा

कृती तीच, मसाला तोच, स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवायचं उपकरण) तोच, कोळसाही त्याच पोत्यातला. तरी एकदा बरगड्या अशा होतात की हाड जरा हलवलं की मांस मऊपणे सुटून येतं. पुढच्या खेपेला तेवढ्याच वेळात, तेवढ्याच आचेवर हातात वातड चामडं येतं. हा त्रास तुम्हाला दोनदा झाला असेल तर मसाला बदलू नका, लाकूड बदलू नका आणि नवीन स्मोकर तर मुळीच घेऊ नका. बहुतेक वेळा चूक विस्तव पेटण्याआधीच झालेली असते. पाकिटावर ‘बीफ रिब्ज’ लिहिलेलं असतं आणि आपण ते एकच मांस समजून चालतो.

मी हे लागोपाठ तीन वेळा केलं. पहिल्या खेपेला तीन हाडांचा जाडजूड पट्टा मिळाला होता. १२५ अंश सेल्सियसवर आठ तास धुरात ठेवला आणि तो अप्रतिम झाला. मी सगळं वहीत लिहून ठेवलं: मीठ किती, तापमान किती, झाकण किती वेळा उघडलं. दुसऱ्या खेपेला आणलेल्या पाकिटात सात लांब, वाकलेली हाडं होती. वहीप्रमाणे आठ तास ठेवली, तर हाडांच्या मधे सुकलेल्या काळपट पट्ट्या तेवढ्या उरल्या. तिसऱ्या खेपेला पातळ, आडव्या कापलेल्या पट्ट्या मिळाल्या, प्रत्येकीत हाडाचे तीन-चार गोल तुकडे. त्याही धुरात गेल्या आणि दोन तासांत कडक झाल्या. वहीत सगळं होतं, फक्त मांस जनावराच्या कुठल्या भागाचं आणि कसं कापलेलं, एवढंच नव्हतं. तिन्ही पाकिटांवर नाव एकच होतं.

म्हणून आधी जनावराकडे बघू. गुरांना बरगड्यांच्या १३ जोड्या असतात आणि त्या मानेकडून शेपटीकडे मोजतात. बार्बेक्यूच्या बहुतेक कृती अमेरिकी कापणी गृहीत धरतात, म्हणून तीच समजून घेणं सोयीचं. तिथे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे धड विभागतात. १ ते ५ बरगड्या खांद्याच्या भागात जातात, त्याला चक म्हणतात. ६ ते १२ यांचा वरचा, पाठीकडचा भाग रिब म्हणून निघतो आणि त्यांचीच पोटाकडची टोकं प्लेट नावाच्या भागात जातात. तेरावी बरगडी मागच्या लॉइनबरोबर, म्हणजे कमरेकडच्या भागाबरोबर राहते.

यातली प्लेट आणि रिब यांची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. सातवी बरगडी हे एकच हाड आहे. त्याचं पाठीकडचं टोक घेतलं तर ती बॅक रिब. पोटाकडचं टोक घेतलं तर ती प्लेट शॉर्ट रिब. हाड तेच, पण त्यावरचं मांस पूर्ण वेगळं. पाठीकडे बरगडीवर रिबआय नावाचा महागडा, कमी कष्ट करणारा स्नायू बसलेला असतो. तो खाटीक स्टेकसाठी काढून घेतो आणि काढताना सुरी हाडाला जितकी घासून नेता येईल तितकी नेतो. मागे उरतं ते हाड आणि दोन हाडांच्या मधलं मांस. म्हणजे बॅक रिब्ज हा मुळात दुसऱ्या कापणीनंतर उरलेला भाग आहे. त्यात वाईट काही नाही, चव फार छान असते. पण त्याच्याकडून प्लेट रिबच्या जाडीची अपेक्षा ठेवणं चुकीचं.

शॉर्ट रिबवरचं मांस वेगळं का, याचं कारण मला कळलं तेव्हापासून मी या मांसाकडे वेगळ्या नजरेने बघतो. माणसाला असतं तसं कॉलरबोन गुरांना नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नसतात, स्नायूंनी बांधलेले असतात. खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूपासून बरगड्यांवर पंख्यासारखा पसरलेला सेरेटस व्हेंट्रॅलिस नावाचा स्नायू धडाचा पुढचा सगळा भार झोळीसारखा तोलून धरतो. जनावर उभं असलं तरी तो काम करतोय, चाललं तरी करतोय. चक शॉर्ट रिब आणि प्लेट शॉर्ट रिब या दोन्हींवरचं मुख्य मांस हा स्नायू. इतकं काम करणाऱ्या स्नायूत कोलॅजन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं, आणि याच्या बाबतीत तंतूंच्या मधे चरबीही भरपूर असते. कोलॅजन वेळ न देता शिजवलं तर चावता चावत नाही. वेळ दिला तर त्याचं मऊ, बुळबुळीत जिलेटिन होतं आणि ते आणि पाघळलेली चरबी मिळून जो ओलावा देतात तो कुठल्याही सॉसने येत नाही.

नावातल्या ‘शॉर्ट’ने फसू नका. हाडाची पूर्ण लांबी न घेता मधला आखूड तुकडा घेतलेला असतो, म्हणून शॉर्ट. मांस कमी असा त्याचा अर्थ नाही, उलट सगळ्यात जास्त मांस यावरच असतं.

आता लेबल न वाचता ओळखायचं कसं.

हाडाचा आकार बघा आणि मांस हाडाच्या वर आहे की मधे, ते बघा. हाडं लांब, कमानीसारखी वाकलेली, सहसा सातच्या रांगेत, आणि मांस मुख्यतः हाडांच्या मधे असेल तर त्या बॅक रिब्ज. हाडं रुंद, चपटी, लांब, तीनच्या पट्ट्यात, आणि त्यांच्या वर दोन-तीन बोटं जाडीचा मांसाचा थर असेल तर प्लेट शॉर्ट रिब्ज. या सहसा सहाव्या, सातव्या आणि आठव्या बरगडीच्या असतात, आणि टेक्ससच्या बार्बेक्यूमुळे प्रसिद्ध झालेल्या, डायनासोरच्या हाडाची आठवण करून देणाऱ्या त्या ह्याच. हाडं त्याहून आखूड आणि बऱ्यापैकी सरळ, चारच्या पट्ट्यात, वरचं मांस जाड असेल तर चक शॉर्ट रिब्ज. त्या साधारण दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या. घाऊक व्यापारात अमेरिकेत यांना क्रमांक आहेत: प्लेट शॉर्ट रिब १२३ए, चक शॉर्ट रिब १३०, बॅक रिब १२४. जिथे ही पद्धत चालते तिथे खाटकाला क्रमांक सांगितला की बोलणं एका वाक्यात संपतं. जिथे चालत नाही तिथे ‘हाडावर मांस असलेली, मांस काढून उरलेली नको’ एवढं सांगा, अर्थ नीट पोचतो.

हे झालं भागाचं. यावर दुसरा प्रश्न कापण्याच्या दिशेचा आहे आणि तो भागाइतकाच महत्त्वाचा आहे. हाडाला समांतर कापून प्रत्येक हाड सुटं केलं तर त्याला इंग्लिश कट म्हणतात. करवतीने हाडांना आडवं कापलं तर पट्टीत हाडाचे छोटे छोटे तुकडे रांगेत दिसतात, तो फ्लँकन कट. हे भागांचं नाव नाही. चक असो वा प्लेट, दोन्ही दोन्ही प्रकारे कापता येतात. कोरियन पद्धतीची एलए गाल्बी ही पातळ फ्लँकन कापणीच. अर्जेंटिनातलं असादो दे तिरा हेही आडवंच कापलेलं, पण पट्टी जाड. म्हणजे पाकिटावर ‘शॉर्ट रिब’ वाचूनही तुम्हाला आच ठरवता येत नाही. पट्टी किती जाड आहे ते बघावंच लागतं.

आता एकेक तक्रार घेऊ.

आठ तास झाले तरी वातडच

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं निदान सगळ्यात जास्त वेळा उलटं केलं जातं. मांस दाताखाली कोरडं आणि चिवट लागलं की आपण म्हणतो, जास्त शिजलं. पुढच्या खेपेला एक तास आधी काढतो. ते आणखी वातड निघतं. मग आपण म्हणतो, या जनावराचं मांसच वाईट. खरं म्हणजे पहिल्या खेपेलाच ते कमी शिजलेलं होतं.

आत काय घडतं ते बघा. मांस तापत जातं तसे स्नायूंचे तंतू आखडतात आणि पाणी बाहेर पिळून काढतात. साठ अंशांच्या पुढे हे जोरात होतं. कोलॅजन मात्र सावकाश सुटतं. सत्तर अंशांच्या पुढे त्याचा वेग वाढतो, पण वेग वाढला तरी त्याला तास लागतात. त्यामुळे मधे एक असा टप्पा येतो की पाणी निघून गेलेलं असतं आणि जिलेटिन अजून झालेलं नसतं. ८० ते ८८ अंशांना शॉर्ट रिब काढली तर ती तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अवस्थेत असते. तिथून पुढे न्यायचं असतं, मागे नाही.

शॉर्ट रिब साधारण ९३ ते ९७ अंशांच्या दरम्यान तयार होते. साधारण म्हणतो कारण आकडा हा निव्वळ इशारा आहे. ९३ झाले की थर्मामीटरची सुई दोन हाडांच्या मधे, सगळ्यात जाड भागात घाला. सुई अडखळली, रबरात घुसवल्यासारखी वाटली, तर अजून वेळ आहे. लोणी ठेवलेल्या भांड्यात घातल्यासारखी सहज गेली तर झालं. तीनही हाडांच्या जागी टोचून बघा. एका जागी मऊ लागलं म्हणून पट्टा काढायची घाई मी बरेचदा केली आहे, आणि दर वेळी उरलेली दोन हाडं कच्ची निघाली.

सुई हाडाला टेकू देऊ नका. हाड आणि मांस सारख्या वेगाने तापत नाहीत, त्यामुळे हाडाजवळचा आकडा मांसाची स्थिती सांगत नाही. मी आता एकाच जागेवर विसंबत नाही. तीन जागी टोचतो आणि सगळ्यात कमी येईल तो आकडा धरतो.

काटा दोन तास जागचा हलत नाही

६५ ते ७५ अंशांच्या मधे कुठेतरी तापमान थबकतं. कधी तासभर, कधी त्याहून जास्त. स्मोकर बिघडलेला नसतो, कोळसा कमी पडलेला नसतो. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी वाफ होऊन जात असतं आणि घामाने अंग गार पडावं तसं मांस स्वतःला गार ठेवत असतं. पृष्ठभाग पुरेसा सुकला की काटा आपोआप पुढे सरकतो.

इथे लोक दोन चुका करतात. एक, आच एकदम वाढवतात, मग बाहेरचा थर करपतो आणि आत तेच. दोन, पाहुणे आले म्हणून त्याच तापमानाला मांस काढतात. ज्यांना वेळ वाचवायचा आहे त्यांनी मांस गुंडाळावं. फॉइलमधे वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे काटा लगेच हलतो, पण बाहेरचा कुरकुरीत काळा थर ओला होऊन मऊ पडतो. बुचर पेपर (मांस गुंडाळायचा जाड कागद) थोडी वाफ सोडतो, त्यामुळे थरही बराचसा टिकतो आणि वेळही थोडा वाचतो. माझं मत विचाराल तर प्लेट रिबला गुंडाळायची गरजच नसते. तिच्यात चरबी एवढी असते की ती उघड्यावर सुकत नाही. चक रिबवर चरबी कमी दिसली तर मी थर हवा तसा काळा झाल्यावर पेपरमधे गुंडाळतो.

वेळेचा अंदाज हवा असेल तर १२० ते १३५ अंशांच्या स्मोकरमधे प्लेट रिबचा अखंड पट्टा सहा ते नऊ तास घेतो, चक रिब त्याहून तास-दोन तास कमी. पण जेवायची वेळ ठरवायची असेल तर कमाल वेळ धरून सुरुवात करा. आधी तयार झालं तर पेपरमधे गुंडाळून, वर जाड टॉवेल लपेटून रिकाम्या कूलरमधे, म्हणजे बर्फ ठेवायच्या झाकणाच्या पेटीत ठेवता येतं. दोन तास तरी ते छान गरम राहतं, आणि त्या विश्रांतीने मांस आणखी सुधारतं. आतलं तापमान ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, सुरक्षेसाठी ती रेघ पाळायलाच हवी.

बॅक रिब्ज सुकून जातात, खायला काही उरत नाही

मी दुसऱ्या खेपेला नेमकं हेच केलं होतं. बॅक रिबवरचं मांस बारीक असतं, त्याला आठ तास झेपत नाहीत. १२० ते १३५ अंशांवर तीन ते साडेचार तासांत त्या व्हायला हव्यात. मांसाची जाडी इतकी कमी असते की थर्मामीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, सुई जिथे जाते तिथे हाड आडवं येतं. म्हणून चिमट्याने पट्टा एका टोकाकडून मधोमध उचला. तो सहज वाकला आणि हाडांच्या मधे वरचा थर भेगाळायला लागला की काढा. ताठ राहिला तर अजून वेळ आहे.

पण अर्धी लढाई विकत घेतानाच जिंकायची असते. पाकीट उलटून बघा. वरच्या बाजूने हाडं पांढरी, उघडी, चकाकताना दिसली तर खाटकाची सुरी हाडाला फारच घासून गेलेली आहे. अशा पट्ट्यातलं मांस लवकर कोरडं पडतं, आणि मग ना गुंडाळून काही होतं ना सॉसने. हाडावर पातळ का होईना, मांसाचा अखंड थर असलेला पट्टा मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

बॅक रिबला मी अखेरच्या पाऊण तासात फॉइलमधे थोडा स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) घालून गुंडाळतो. प्लेट रिबला हे करणं मला पटत नाही, पण इथे चरबी कमी आणि मांस बारीक, त्यामुळे वाफेचा फायदा तोट्यापेक्षा जास्त आहे.

पातळ आडव्या पट्ट्या कडक होतात

अर्धा ते एक सेंटीमीटर जाडीच्या फ्लँकन पट्ट्यांना धूर आणि मंद आच देणं म्हणजे त्या वाळवणं. इतक्या पातळ मांसात कोलॅजन सुटायला लागणारा वेळ गाठेपर्यंत पाण्याचा थेंब उरत नाही. इथे उपाय पूर्ण उलटा आहे: निखारे धगधगीत लाल, जाळी तापलेली, पट्ट्या पुसून कोरड्या केलेल्या, आणि प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटं.

मग वातडपणाचं काय? तो इथे सुरीने सोडवलेला असतो. आडवं कापताना करवत स्नायूंचे लांब तंतू तोडते, त्यामुळे दाताला तोडायला फार काही उरत नाही. इंग्लिश कटमधे तंतू लांब राहतात, म्हणून त्याला वेळ लागतो. एकाच मांसावर दोन उलट्या कृती चालतात, त्याचं सगळं गुपित हे आहे. जाडी वाढली की मात्र हा हिशोब बिघडतो. दोन-तीन सेंटीमीटर जाडीची फ्लँकन पट्टी झटपट भाजली तर चावायला जड जाते. तिला आधी मंद, बाजूच्या आचेवर तास-दीड तास द्यावा आणि अखेरीस निखाऱ्यांवर रंग आणावा, किंवा सरळ रस्सा करावा.

पातळ पट्ट्यांवर गोडसर मसाला लावत असाल तर त्यातली साखर लाल निखाऱ्यांवर डोळ्यादेखत काळी होते. जवळून हलू नका, सतत उलटत राहा. किवी किंवा अननसाचा रस घालून मुरवत असाल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. त्यातली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात, आणि पातळ मांस रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो. तासभर पुरे होतो. आणखी एक, करवतीचा हाडांचा भुसा पट्ट्यांवर चिकटलेला असतो, तो दातात कचकचतो. थंड पाण्यात झटकन धुऊन लगेच पुसा.

मधे चरबीचा जाड थर तसाच राहतो

प्लेट रिबचं हे खास दुखणं. वर मांसाचा एक थर, त्याखाली चरबीची चादर, त्याखाली दुसरा थर असं काही पट्ट्यांत येतं. वरचा थर नसलेला, साफ केलेला पट्टा मिळाला तर प्रश्नच नाही. मिळाला नाही तर वरून मधल्या चरबीपर्यंतचा थर सुरीने उचलून काढा. बाहेरची जाड चरबी आणि तिच्याखालचा चंदेरी पापुद्राही काढा. जाड चरबी कितीही तास ठेवली तरी पूर्ण पाघळत नाही आणि तिच्यावर लावलेलं मीठ खालच्या मांसापर्यंत पोचत नाही. चंदेरी पापुद्र्यात इलॅस्टिन नावाचं दुसरं प्रथिन असतं, ते कोलॅजनसारखं जिलेटिन होत नाही, नऊ तासांनंतरही दोरीसारखं राहतं. मात्र मांसाच्या आत नक्षीसारखी पसरलेली चरबी हवीच. ती दिसत असेल तरच पट्टा घ्या.

पापुद्रा काढायचा की ठेवायचा

हाडांच्या आतल्या बाजूला जो पातळ पडदा असतो त्याबद्दल उत्तर भागागणिक बदलतं. बॅक रिबवरून काढा. बारीक मांसाबरोबर तो तोंडात येतो आणि कागदासारखा लागतो. चमच्याच्या दांड्याने एक कोपरा सोडवायचा, कोरड्या कापडाने पकडायचा आणि एका दमात ओढायचा. शॉर्ट रिबवर मी तो ठेवतो. तो पडदा आणि हाडाला लगटलेला थर पट्ट्याला बांधून ठेवतात. पडदा काढलेली प्लेट रिब शेवटच्या तासात हाडावरून घसरते आणि उचलताना जाळीवरच मोडते. खाणारा मांस वरून खातो, पडदा हाडाला चिकटलेलाच राहतो, त्यामुळे अडचण काही होत नाही.

एक हाड मऊ, दुसरं कच्चं

पट्टा एकसारख्या जाडीचा नसतो. एका टोकाचं मांस दुसऱ्यापेक्षा जाड असतंच. जाड टोक आचेच्या बाजूला ठेवा, पातळ टोक दूर. अर्ध्या वेळात दिशा बदलायची सवय असेल तर ती इथे सोडा, नाहीतर केलेला हिशोब उलटा होतो. आणि शक्य तिथे हाडं सुटी करून शिजवू नका. सुट्या हाडाला चारी बाजूंनी आच लागते आणि कडा सुकतात. अखंड पट्टा शिजवून नंतर कापलेला कधीही चांगला. पाकिटातच सुटी हाडं मिळाली असतील तर ती एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे त्यांचा पुन्हा पट्टा होतो, आणि शिजल्याची खात्री तासभर आधीपासून करायला लागा.

हाड नसलेल्या शॉर्ट रिब्ज

यातून काय मिळेल हे पाकीट सांगत नाही. ते कधी खरंच बरगडीवरून उतरवलेलं मांस असतं, कधी खांद्याच्या दुसऱ्याच स्नायूचे लांबट तुकडे. तुकड्यात नक्षीदार चरबी दिसली आणि तंतू एका दिशेने धावत असले तर धुरात घ्यायला हरकत नाही. पण हाड नसल्यामुळे सगळ्या बाजू उघड्या असतात, म्हणून बाहेरचा थर आला की ते गुंडाळणं भागच आहे. फिकट, चरबीविना दिसले तर स्मोकरचा नाद सोडा आणि झाकण ठेवून रश्शात शिजवा.

मीठ आणि मसाल्याबद्दल थोडंच सांगतो, कारण नापास होण्याचं कारण तिथे क्वचितच असतं. हाडं वगळून मांसाच्या अंदाजे वजनाच्या एक टक्का मीठ, आदल्या रात्री लावून उघडं फ्रिजमधे. पृष्ठभाग सुकतो, मीठ आत उतरतं, काळा थर छान धरतो. सकाळी भरड मिरपूड. शॉर्ट रिबला यापेक्षा जास्त काही लागतं असं मला वाटत नाही, इतकी तिची स्वतःची चव मोठी आहे. थर कडू लागत असेल तर मिरपुडीला दोष देऊ नका. धूर पांढरा, दाट येत होता का ते आठवा. लाकूड नीट पेटलं की धूर पातळ, निळसर होतो, मांस तोवर आत ठेवायचंच नाही.

किती घ्यायचं याचाही घोळ होतो. तीन हाडांची प्लेट रिब दोन-अडीच किलो भरते आणि ते बघून सहा माणसं बोलावली जातात. त्यात हाडं भली जाड असतात, आणि पाणी आणि चरबी जाऊन मांसही बरंच आटतं. प्लेट रिबचं एक हाड म्हणजे एका माणसाचं पोटभर जेवण, हाच हिशोब धरा. चक रिबची दोन हाडं, बॅक रिबची तीन-चार.

आणि पाकीट उघडल्यावरही भाग ओळखता आला नाही, तर जाडी हा शेवटचा निकष. मांस एक सेंटीमीटरपेक्षा पातळ असेल तर लाल निखारे. हाडाच्या वर दोन बोटांहून जाड असेल तर मंद आच आणि सुई सहज जाईपर्यंत वाट. मांस फक्त हाडांच्या मधेच असेल तर मंद आच, पण चौथ्या तासाच्या आधीच पट्टा उचलून बघायला लागा. माझ्या वहीत आता प्रत्येक पानावर पहिली ओळ हाडांचा आकार, संख्या आणि वरच्या मांसाची जाडी अशी असते, आणि तापमान त्याखाली येतं.